धुतलेली शिशी

उंदीर शेपटीला धरून उचलायचा, असं आमच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं आहे. जिलानी मामूंनी बावीस वर्षांत एकही उंदीर तसा उचलला नाही. ते पिंजऱ्यात उताणा हात ठेवायचे आणि थांबायचे. अर्धं मिनिट, कधी दोन मिनिटं. मग उंदीर यायचा, बोटं हुंगायचा आणि आपणहून तळव्यावर चढायचा. पहिल्याच आठवड्यात मी वैतागून म्हटलं होतं, "मामू, अशी एकेकाची मनधरणी करत बसलात तर संध्याकाळ होईल." मामू मान वर न करता म्हणाले, "होऊ द्या की मॅडम. त्याला कुठं एसटी धरायची हाय?"

एसटी मला धरायची असायची, दर शनिवारी. मी नायगावची, शेतकऱ्याच्या घरातली, आणि लातूरच्या एका फार्मसी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. घरी पाय ठेवला की बाबांचा एकच प्रश्न असे, "तनुजा, कवा व्हनार डॉक्टर?" भाऊ सुदर्शन त्यांच्याही पुढचा. त्यानं फ्लेक्सवाल्याकडे माझा फोटो आधीच देऊन ठेवला होता. नावाआधी हातभर मोठं 'डॉ.', मागे कमळं, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली चौदा तोंडं. तारीख तेवढी टाकायची राहिली होती.

आमचं ॲनिमल हाऊस कॉलेजच्या मागे, जनरेटरच्या शेडला लागून. पत्र्याखाली दोन खोल्या. पहिलीत लोखंडी मांडणीवर पिंजरे, दुसरीत प्रयोगाचं टेबल, भिंतीवरचं घड्याळ आणि एक जुना फ्रिज, जो थंड करण्यापेक्षा गुरगुरायचाच जास्त. पिंजऱ्यांत अंथरलेल्या भाताच्या तुसाचा, उंदरांच्या मुताचा आणि फिनेलचा मिळून एक वास तिथे कायम असायचा. नवी पोरं नाकाला रुमाल लावून यायची. मामूंना त्या वासाचं काही नव्हतं. उलट ते दाराशी आले की खिशातून रुमाल काढून स्वतःच्या कानामागचं अत्तर पुसून टाकायचे. "यांच्या नाकाला तरास होतो," म्हणायचे.

अत्तर त्यांच्या घरातलंच. नांदेडच्या इतवाऱ्यात त्यांच्या वडिलांचं अत्तराचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. फवाऱ्याच्या बाटल्या आल्या आणि दुकान बसलं. पण त्याआधीची दहा-बारा वर्षं मामूंनी एकच काम केलं होतं, रिकाम्या शिश्या धुण्याचं. गिऱ्हाईक जुनी शिशी परत आणून द्यायचं. ती टाकून देणं त्या घरात अन्न टाकण्याइतकं वाईट. रिठ्याच्या गरम पाण्यात खळखळून धुवायची, मग परातीत वाळू घेऊन तिच्यात खराट्याच्या काड्या रोवायच्या आणि एकेका काडीवर एकेक शिशी उपडी घालून उन्हात ठेवायची. "गुलाबाची शिशी धा येळा धुवा मॅडम," मामू मला सांगायचे, "अकराव्या येळेला बी गुलाबच सांगती."

हे सगळं मी एवढं तपशिलानं सांगतेय, कारण माझ्या संशोधनाची बाटली मामूंनी अशीच धुऊन टाकली. मला ते अकरा महिन्यांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. लपवून ठेवून मजा आणण्यात मला रस नाही.

माझा विषय होता झोप. मेंदूत सापडणारं एक पेप्टाइड आहे, नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. पन्नासेक वर्षांपूर्वी झोपलेल्या सशांच्या रक्तातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि गाढ झोप आणणारं म्हणून त्याला नाव मिळालं. तेव्हापासून जगभर लोक ते उंदरांना, मांजरांना, माणसांना देऊन बघतायत. कुणाला झोप लागली, कुणाला नाही. नक्की काय ते अजून कुणी छातीवर हात ठेवून सांगितलेलं नाही. माझे मार्गदर्शक मल्लिनाथ सर म्हणाले, "आपण सांगू." सरांना असं काहीतरी म्हणायची हौस होती.

प्रयोग साधा होता. उंदीर दिवसा झोपतो. पण त्याला अनोळखी पिंजऱ्यात टाकलं की त्याची झोप उडते, कोपरे हुंगत फिरत राहतो. बारा उंदीर घ्यायचे. सहांना पेप्टाइडचं इंजेक्शन, सहांना नुसतं मिठाचं पाणी. मग प्रत्येकाला नव्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि घड्याळ लावून बसायचं. मिनिटाला एक रेघ. अंगाची गुंडाळी करून डोळे मिटले की रेघा थांबवायच्या. असं सात दिवस.

त्या वेळी मला स्वतःला काहीच वाटेनासं झालं होतं. याला कारण असं काही नव्हतं. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच होऊन गेली होती, पण आमच्या घरचं कुणी गेलं नव्हतं. तरी आतून सगळं थिजल्यासारखं होतं. जेवायला बसले की जेवायची, पडले की नऊ तास दगडासारखी झोपायची, उठले की सुई उचलायची. उंदराच्या पोटात सुई जाताना सुरुवातीला मी 'सॉरी' पुटपुटायची, तेही थांबलं. मला वाटलं, आपण तयार झालो.

मामूंची बायको गेली होती. सालेहा त्यांचं नाव. एप्रिलमध्ये कोरोनानं गेल्या, आजाराच्या नवव्या दिवशी. मामू पंधरा दिवसांनी कामावर आले, हात उताणा ठेवून उंदराची वाट बघत बसले. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फक्त डोळे लाल असायचे. "झोपता की नाही मामू?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पडतो की. तास, अर्धा तास." मी त्यावर विनोद केला. "तुम्हालाच एक इंजेक्शन देऊ का आमचं?" मामू हसले. त्या विनोदाची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

जानेवारीत पेप्टाइड आलं, हैदराबादहून, थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये. एवढ्या मोठ्या डब्यात करंगळीच्या पेराएवढी एक काचेची बाटली. पाणी काढून सुकवलेलं पेप्टाइड असतंच इतकं थोडं की बाटली रिकामी दिसते. उजेडात तिरकी धरली तर तळाशी काचेवर कुणी श्वास सोडल्यासारखा पापुद्रा दिसतो, इतकंच. मी ती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि शनिवार होता म्हणून एसटी धरली. लेबल ओलं होऊन सुटत आलं होतं. दुसरं लावायला हवं होतं. गाडी चुकली असती.

सोमवारी सकाळी येऊन मी विचारलं, "मामू, बर्फात बारकी बाटली होती ती?" मामू पलीकडच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं ती घेऊन आले. झाकण घट्ट, लेबल डिंकानं चिकटवलेलं. मी त्यांना कौतुकानं दाखवलं. "रिकामी दिसते ना? पण आहे त्यात. दिसत नाही, एवढंच. वर्षभराची सगळी खटपट हिच्यासाठी." मामू बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिसत न्हाई, पन हाय." मी म्हटलं, "हो." मिठाचं पाणी घातलं, हलवलं आणि त्याचे छोटे छोटे भाग करून ठेवले.

सात दिवस प्रयोग चालला. मामू पलीकडच्या खोलीतून एकेक उंदीर आणून द्यायचे, मी सुई टोचायची, मामू त्याला नव्या पिंजऱ्यात सोडायचे, मी घड्याळ बघायची. पेप्टाइडवाल्या सहांच्या पाठीवर ओळखीसाठी पिवळा ठिपका होता. त्या सहांना आणताना मामूंना नेहमी उशीर व्हायचा. "मामू, झोपलात काय?" मी ओरडायची. "आनतो, आनतो." मला वाटायचं, तंबाखू मळत असतील. ते तंबाखू खात नाहीत, हेही मला माहीत नव्हतं.

आणि निकाल आला. मिठाच्या पाण्याचे सहा जण चाळीस-चाळीस मिनिटं फिरत राहिले. पिवळ्या ठिपक्याचे सहा जण पंधरा-सोळा मिनिटांत कोपरा धरून गुंडाळी करायचे. सातही दिवस. मल्लिनाथ सरांनी आकडे बघितले आणि गंजगोलाईतून पेढे मागवले. शेवटच्या दिवशी नियमाप्रमाणे बाराही उंदरांचे मेंदू तपासणीसाठी काढून घ्यायचे होते. ते माझं काम. मामू एकेकाला तळव्यावर बसवून आणून देत होते. पिवळ्या ठिपक्याचे त्यांनी सगळ्यात शेवटी आणले. संपल्यावर मी हात धुऊन डबा उघडला आणि जेवले.

डिसेंबरपर्यंत प्रबंध टाइप झाला. आमच्याकडे प्रबंधाचं पहिलं पान आभाराचं असतं. मार्गदर्शक, प्राचार्य, आईवडील, झेरॉक्सवाला, सगळे त्यात बसवायचे. मी त्यात लिहिलं होतं, प्राणी सांभाळणाऱ्या श्री. जिलानी यांची मी ऋणी आहे. छापायला देण्याआधी मामूंना वाचून दाखवावं म्हणून मुद्दाम गेले. ते मांडणी पुसत होते. ऐकून घेतलं आणि फडकं बादलीत टाकून म्हणाले, "नाम काट दो मॅडम."

"का? वरती घालू का?" मी चेष्टेनं म्हटलं.

"काटून टाका. मी तुमची शिशी धुतली."

मग त्यांनी सांगितलं. त्या रविवारी लाइट दिवसभर नव्हती. फ्रिजमधला बर्फ वितळून खाली पाणी आलं, म्हणून त्यांनी कप्पा रिकामा करून पुसायला घेतला. त्यात एक बारकी शिशी सापडली. लेबल पाण्यात तरंगत होतं, आत काही नव्हतं. चांगली काचेची शिशी, फिरकीचं झाकण. टाकवेना. त्यांनी पाणी गरम केलं, धुतली, तुसाच्या परातीत काडी रोवून उपडी घातली. सोमवारी मी विचारलं तेव्हा त्यांना कळलं. घाईघाईनं लेबल चिकटवून त्यांनी ती हातात दिली, आणि मी त्यांना समजावून सांगितलं की दिसत नाही, पण आहे.

"तेव्हाच सांगायचं ना मामू!"

"सांगनारच होतो. पन तुम्ही म्हनलात, दिसत न्हाई पन हाय. म्हनलं, अत्तराचं बी असंच असतं. धुतलं तरी राहतं. तुमचं औषध बी राहिलं आसंल." त्यांनी बादलीतलं फडकं काढून पिळलं. "घरी एक ओढनी हाय. सालेहाची. ती गेली तवा सबिहा आली नांदेडहून, पोरगी माझी. तिनं घरातला कपडा न् कपडा डेटॉलमध्ये धुतला. कोरोना होता, तिची काय चूक. ती ओढनी मी रोज हुंगून बघतो. राहिलं न्हाई काही. तवा म्हनलं, बघू मॅडमच्या शिशीत राहतं का."

मी म्हटलं, "पण उंदीर तर झोपले. सातही दिवस झोपले."

मामूंनी खाली बघितलं. "ते मी झोपवले."

पिवळ्या ठिपक्याचे सहा उंदीर मला देण्याआधी ते प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसत होते. आणि नव्या पिंजऱ्यात सोडताना मुठीत लपवून आणलेलं त्याच्याच जुन्या पिंजऱ्यातलं तूस एका कोपऱ्यात टाकत होते. "त्याला आपला वास आला की तो झोपतो. नींद अपनी जगा पे-च आती, मॅडम. म्हनलं, औषध राहिलं नसंल तर तुमचं नुकसान नको. माझ्यामुळं नको." मग म्हणाले, "सहा जन गोद में सुलाये, आन् मीच आनून तुमच्या हातात दिले. बारा गेले. त्यांचं काय?"

माणसाला असं काही कळल्यावर पायाखालची जमीन सरकायला पाहिजे. मला भूक लागली. मी कँटीनला जाऊन पोहे खाल्ले. खरंच सांगतेय, तर्री कमी होती म्हणून भांडलेसुद्धा. मग मल्लिनाथ सरांकडे गेले.

सरांनी दार लावून घेतलं. "पुरावा काय? त्या माणसाची बायको गेलीय, त्याचं डोकं ठिकाणावर न्हाई. आकडे आलेत ना? आन् हे बाहेर गेलं तर पयला तो जाईल कामावरून. तुला तेच पायजे का?" नको होतं. मामूंना निवृत्तीला तीन वर्षं होती आणि त्या पत्र्याच्या खोल्यांपलीकडे त्यांना जग नव्हतं. हे मी गप्प बसायचं कारण म्हणून स्वतःला सांगितलं. खरं कारण इतकंच की मला काही वाटत नव्हतं आणि डॉक्टर व्हायचं होतं. मामूंचं नाव काढलं आणि प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधून विद्यापीठात जमा केला.

आठ महिने मी गप्प होते. मामू रोज भेटायचे. आधीसारखंच बोलायचे, पण उंदरांबद्दल काही सांगेनासे झाले. त्यांचे डोळे आणखी आत गेले. एकदा मी झोपेचं विचारलं तर म्हणाले, "आता अर्धा तास बी न्हाई."

ऑगस्टमध्ये नांदेडला व्हायवा झाली. बाबा आणि सुदर्शन नायगावहून जीप करून आले, शाल, हार, पेढ्यांचे दोन खोके घेऊन. मागच्या रांगेत बसले. परीक्षक म्हणून बाहेरगावच्या एक बाई आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, सावकाश पानं उलटणाऱ्या. सगळे प्रश्न झाले. सर खुशीत होते. बाईंनी शेवटी आभाराचं पान काढलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही झेरॉक्सवाल्याचे आभार मानलेत. प्राणी सांभाळणाऱ्याचे कुठंच नाहीत. तुमचे उंदीर इतके शांत आहेत, त्यांना कुणीतरी हाताळलं असेल ना?"

मला मामूंचा उताणा हात दिसला. एवढंच. मी म्हटलं, "मॅडम, बाटली रिकामी होती. प्रयोगाआधी धुतली गेली होती. औषध कुणालाच मिळालेलं नाही. उंदीर झोपले ते हाताळण्यानं आणि जुन्या तुसाच्या वासानं."

सरांचा चेहरा मी बघितला नाही. बाईंनी चष्मा काढला. "कुणी धुतली?"

"मी. लेबल निघालं होतं. मला रिकामी वाटली."

बाबांना इंग्रजी येत नाही. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी मागच्या रांगेतून अभिमानानं मान डोलावली. ती मान मात्र मला दिसली, आणि तेवढ्यापुरतं कुठंतरी दुखलं.

प्रयोग नव्यानं करून प्रबंध पुन्हा द्या, असं ठरलं. परतताना जीपमध्ये मी बाबांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ हातातला हार सारखा करत होते. नायगावच्या चौकात शिरलो तर फ्लेक्स लागलेला, त्या दिवसाच्या तारखेसकट. सुदर्शननं कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "राहू दे रं, तारीख तेवढी बदलू." कशाचं काय, दिवाळीआधी सोयाबीनचा ढीग झाकायला ताडपत्री कमी पडली तेव्हा तोच फ्लेक्स वर घातला गेला. दीड महिना माझ्या तोंडावर दव पडत होतं.

कॉलेजात सरांनी ॲनिमल हाऊसमध्येच, मामूंच्या देखत मला झापलं. "'बाटली मीच धुतली' असं त्या बाईंना सांगायला कुणी सांगितलं व्हतं तुला?" मी खाली बघत ऐकून घेतलं. मामूंच्या हातातलं खाद्याचं भांडं तसंच राहिलं. सर गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही कैकू असं सांगितलं?"

"लेबल मी लावायला पाहिजे होतं, मामू. मला एसटी धरायची होती."

ते भांडं ठेवून पिंजऱ्यांना पाणी घालत राहिले. एकाच पिंजऱ्याला दोनदा घातलं.

नवी परवानगी, नवे बारा उंदीर, नवी बाटली, यात वर्ष गेलं. बाटली आल्या दिवशी मी तिच्यावर तीन लेबलं लावली. मामू फ्रिजच्या आसपास फिरकायला तयार नव्हते. त्यांना मी सांगितलं, "या वेळी मांडीवर घ्यायचं नाही. तूस टाकायचं नाही. चिमूटभरही नाही." "हाव," ते म्हणाले. सहा सहाच्या दोन पाळ्या करायच्या, पहिली दहाला, दुसरी अकराला, आणि मधल्या वेळात त्यांनी नुसतं स्टुलावर बसून राहायचं. ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. समोर नव्या पिंजऱ्यात उंदीर कोपरे हुंगत फिरायचा आणि मामूंचा खांदा हलायचा. हात काढावासा वाटत असणार. काढला नाही.

दुसऱ्या खेपेचा निकाल एका ओळीचा आहे. औषध मिळालेले आणि न मिळालेले, दोघांत फरक दिसला नाही. त्या ओळीवर मला पदवी मिळाली. पेढे नव्हते आणि फ्लेक्सही नव्हता. आभाराच्या पानावर मामूंचं नाव आहे, झेरॉक्सवाल्याच्या वर.

त्या दुसऱ्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत मी रेघा ओढत होते. साडेदहाच्या सुमारास स्टूल कुरकुरलं म्हणून वर बघितलं. मामूंची मान भिंतीला टेकली होती. मला वाटलं, चक्कर आली. उठून जवळ गेले. तोंड थोडं उघडं होतं, छाती सावकाश वर-खाली होत होती. हात अजून मांड्यांखालीच होते. तीन वर्षांहून जास्त काळ जो माणूस तास-अर्ध्या तासावर काढत होता, तो दिवसाढवळ्या तुसाच्या, मुताच्या, फिनेलच्या त्या वासात झोपला होता.

अकरा वाजत आले. दुसरे सहा त्यांनी आणायचे होते. वेळ चुकली तर दिवस फुकट जाणार होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला. घड्याळाचा गजर बंद केला, दार ओढून घेतलं आणि परत टेबलाशी येऊन बसले. पेन हातात होतं. सवयीनं वहीच्या मागच्या पानावर मिनिटाला एक रेघ ओढत गेले. पिंजऱ्यातल्या उंदराकडे माझं लक्षच नव्हतं. त्रेपन्न रेघा झाल्या तेव्हा बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि मामू दचकून उठले.

"किती वाजले? दुसरे सहा आनायचे होते ना?"

"आत्ताच डोळा लागला होता तुमचा," मी म्हटलं. "आज राहू द्या."

त्या दिवसाचा रकाना प्रबंधात कोरा आहे. मल्लिनाथ सरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, लाइट गेली होती.